पलीकडच्या खोलीचा वॉलपेपर

रेवतीनं नमुन्यांचं जाडजूड पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "ताई, डायनिंगचा वॉलपेपर तुम्ही निवडायचा. बाकीचं घर आम्ही बघतो. एवढं खातं तुमच्याकडं."

पुस्तक लहान मुलाएवढं जड होतं. पान उलटलं की नव्या कापडासारखा वास यायचा. काही कागदांवर हात फिरवला तर नक्षी बोटांना लागायची. मी तोवर वॉलपेपर फक्त एका लग्नाच्या हॉलमध्ये पाहिला होता, तोही लांबून.

"मला काय कळतंय त्यातलं?" मी म्हणाले.

"असं कसं? तुमच्या साड्या बघते ना मी. रंगाची जाण आहे तुम्हाला."

माझा भाऊ श्रीरंग दारातच उभा होता, गाडीची किल्ली बोटावर फिरवत. "घे गं ताई, आठवडाभर ठेव. पुढच्या रविवारी कोल्हापूरला जाऊन ऑर्डर देऊन टाकू."

याला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. श्रीरंग पुण्याच्या कंपनीतून बदली मागून कुपवाडच्या कारखान्यात येणार होता आणि सांगलीतल्या आमच्या घरात बायको-मुलीसह कायमचा राहणार होता. त्याआधी घर नीट करून घ्यायचं ठरलं होतं. घर अण्णांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं. पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर असताना त्यांनी ते बांधलं. खाली सहा खोल्या आणि वर गच्ची. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात आम्ही दोघंच होतो, अण्णा आणि मी.

मी त्या घरात दुसऱ्यांदा आलेली. चोविसाव्या वर्षी सोलापूरला लग्न करून दिलं होतं. नवऱ्याचं आधीपासून दुसरीकडं होतं आणि ते त्याच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. दीड वर्षानं मी एक ट्रंक घेऊन परत आले. अण्णांनी काही विचारलं नाही. स्वयंपाकघराशेजारच्या अभ्यासाच्या खोलीतलं टेबल त्यांनी स्वतः बाहेर ओढलं आणि तिथं पलंग टाकला. पुढं मी लॅब टेक्निशियनचा कोर्स केला आणि मिरजेला एका खाजगी लॅबमध्ये लागले. सकाळी अण्णांचं जेवण करून ठेवायचं, सिटी बस पकडायची, दिवसभर लोकांचं रक्त तपासायचं आणि संध्याकाळी परत. त्या खोलीत मी बावीस वर्षं झोपले.

आम्ही जेवायचो स्वयंपाकघरात, पाटावर. गुडघे गेल्यावर अण्णांसाठी एक घडीचं टेबल आणलं होतं. आता घरात डायनिंग होणार होतं. श्रीरंगनं फोनवर सांगितलं होतं, "स्वयंपाकघराच्या पलीकडची खोली डायनिंगला घेऊ. मधली भिंत पाडली की झालं." पलीकडं म्हणजे कोठीची खोली, हे मी धरूनच चालले होते. त्या अंधाऱ्या खोलीत धान्याचे डबे, जुना पाळणा, फुटक्या बादल्या असलं सगळं पडलं होतं. इंजिनियर नकाशा घेऊन आला, तेव्हा मी लॅबमध्ये होते. अण्णा त्याच्याबरोबर बसले होते.

तो आठवडा मी फार आनंदात होते, हे आज सांगायलाही अवघड जातं. घरातल्या कुठल्या गोष्टीत मला कुणी विचारलं नव्हतं. पडदे आईच्या वेळचे होते आणि रंग अण्णा ठरवायचे, तोही दर वेळी तोच, पिस्त्याचा. लॅबमधून आले की चहा घेऊन मी पुस्तक उघडायची. सोनेरी नक्षीचे कागद आधीच बाद केले. विटांचे, दगडांचे कागद होते, तेही बाद. भिंतीवर खोट्या विटा कशाला? कोठीत उजेड नाही, म्हणून फिकट हवा, पण पांढरा नको, हळदीचा हात लागला तर दिसेल. असा विचार करत करत मी तीन कागदांवर आले, मग दोनांवर. पुस्तक उचलून कोठीच्या भिंतीला टेकवून पाहिलं, ट्यूब लावून आणि बंद करूनही.

लॅबमधल्या शकीलाला म्हणाले, "घराचं काम झालं की तुला जेवायला बोलावणार. टेबलावर."

"इतकी वर्षं सांगलीला ये ये म्हणतेस," ती हसली. "आता टेबल आलं तर येईन."

अण्णांनाही दाखवलं. ते पेपर वाचत आरामखुर्चीत बसले होते. मी दोन्ही पानं त्यांच्यापुढं धरली. एकावर राखाडी-हिरव्या रंगात बारीक देठांची पानं होती, दुसऱ्यावर बदामी रंगात नुसत्या उभ्या रेघा.

"कुठला बरा वाटतो, अण्णा?"

"तुम्ही बघा काय ते."

"तुम्हालाच रोज समोर बसून जेवायचंय."

"मला काय कळतंय," ते म्हणाले आणि पेपराचं पान उलटलं. चष्मा कपाळावर होता. मला वाटलं, खर्चाचं मनात असेल.

रविवारी आम्ही तिघं श्रीरंगच्या गाडीतून कोल्हापूरला गेलो. मी ठेवणीतली इरकल नेसले होते. रेवतीनं पुढची सीट मला दिली, "ताई, तुम्ही बसा पुढं." वाटेत श्रीरंगनं जयसिंगपूरला थांबून उसाचा रस पाजला. तो त्या दिवशी माझ्याशी फार गोड वागत होता. बारीकसारीक आठवणी काढत होता. लहानपणी त्याला गोवर आला तेव्हा मी त्याच्या उशाशी बसून कशी गोष्टी सांगत होते, वगैरे. मला बरं वाटत होतं.

दुकान मोठं होतं. मालक पोरवाल म्हणून होते, पन्नाशीचे, बोलायला अदबशीर. त्यांनी काउंटरवर नमुने पसरले आणि मी माझे दोन्ही काढून दाखवले.

"वा. चांगली नजर आहे ताईंची," ते म्हणाले. "आता मला खोलीचं सांगा. उजेड कसा येतो? खिडकी कुठल्या बाजूला? उन्हात काही रंग उडतात, म्हणून विचारतो."

मी सांगणारच होते की खिडकी नाहीच, दिवसासुद्धा दिवा लावावा लागतो. माझ्याआधी रेवती बोलली.

"पूर्वेला मोठी खिडकी आहे. सकाळचं ऊन थेट समोरच्या भिंतीवर येतं."

मला हसू आलं. "अगं, कोठीला कुठली खिडकी? तू माझ्या खोलीचं सांगतेयस."

कुणी हसलं नाही. रेवतीनं श्रीरंगकडं पाहिलं. श्रीरंग खाली नमुन्यांकडं बघत राहिला, जणू त्याला एकदम कागदात गोडी लागली होती. तेवढ्यावरूनच मला कळलं. तरीही मी विचारलं.

"श्रीरंग? डायनिंग कुठल्या खोलीत आहे?"

"ताई, आपण गाडीत बोलू ना."

"इथंच बोल."

पोरवाल म्हणाले, "मी चहाचं सांगून येतो," आणि आत निघून गेले.

"कोठीत डायनिंग होत नाही, ताई," श्रीरंग हळू आवाजात म्हणाला. "इंजिनियरच म्हणाला. हवा नाही, उजेड नाही. माणसं जेवायला बसणार तिथं. तुझी खोली स्वयंपाकघराला लागून आहे, खिडकी आहे. कोठीचं आम्ही वॉशिंग मशीन, फ्रीज असलं ठेवायला करतोय."

"आणि मी?"

"तुझा पलंग अण्णांच्या खोलीत. मोठी खोली आहे, दोन पलंग आरामात बसतात. आणि खरं सांगू का, रात्री त्यांना उठावं लागतं तीन-तीनदा. जवळ कुणीतरी असलेलं बरंच."

"माझं कपाट?"

"पॅसेजमध्ये," रेवती पटकन म्हणाली. "मी मोजून घेतलंय, ताई. अगदी बसतं."

कपाटाचं मोजूनही झालं होतं. मी काउंटरच्या काचेवर हात ठेवला. काच गार होती.

"अण्णांना विचारलंत?"

"विचारलंत म्हणजे?" श्रीरंगनं पहिल्यांदाच वर पाहिलं. "त्यांनीच तर सुचवलं. आम्ही गच्चीवर एक खोली चढवायचं म्हणत होतो, तुझ्यासाठी. ते म्हणाले, नको, कशाला, तिची खोली आहे की."

चहा आला. पोरवालही आले. त्यांना आमच्याकडं बघायचं नव्हतं, म्हणून ते कागदाकडं बघून म्हणाले, "आणि भिंतीला ओल वगैरे काही नाही ना? ओल असली तर कागद फुगतो, मग आम्हाला बोल लावू नका."

"नाही, नाही," रेवती म्हणाली.

"आहे," मी म्हणाले. "मागं न्हाणीघर आहे. पावसाळ्यात ती भिंत फुगते, पोपडे पडतात. मी दर वर्षी पलंग खिडकीकडं सरकवते."

रेवतीचा चेहरा आक्रसला. "ताई, प्लीज. आता काहीतरी कारण काढू नका."

"कारण काढत नाही. ओल आहे."

"आम्ही बघू ते," श्रीरंग म्हणाला. "तू फक्त कागद सांग. कुठला घ्यायचा?"

मी उठून बाहेर जायला हवं होतं, असं नंतर शकीला म्हणाली. मला तसं सुचलं नाही. मी दोन्ही नमुन्यांकडं पाहिलं. आठवडाभर मी ते अंधाऱ्या कोठीसाठी पाहिले होते. आता ते माझ्या भिंतीवर ठेवून पाहिले, सकाळच्या उन्हात, खिडकीसमोर. माझी भिंत मला पाठ होती. त्या उन्हात बदामी रंग मळकट पिवळा दिसला असता.

"हिरवा," मी म्हणाले. "तोच शोभेल तिथं."

परतीच्या वाटेवर मी मागं बसले. जयसिंगपूर आलं तेव्हा रेवतीनं विचारलं, "ताई, रस?" मी नको म्हणून मान हलवली.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. अण्णा पुढच्या खोलीत दिवा न लावताच बसले होते. श्रीरंग आणि रेवती गाडीतलं सामान काढायच्या निमित्तानं बाहेरच रेंगाळले. मी दिवा लावला.

"झालं का काम?" अण्णांनी विचारलं.

"झालं. अण्णा, माझी खोली डायनिंगला घ्या असं तुम्ही सांगितलंत?"

त्यांनी खोटंच नाही म्हटलं असतं, तरी मी खरं मानलं असतं. इतकं मला ते हवं होतं.

"मी म्हटलं, ती खोली मोकळी करता येईल," ते म्हणाले.

"मोकळी?"

"तू दिवसभर मिरजेला असतेस. झोपायलाच तर येतेस. एकट्या माणसाला खोली काय करायचीय, वैजू? त्यांचा संसार आहे. पोरगी मोठी होतेय."

"गच्चीवर खोली बांधणार होता श्रीरंग."

"उगाच बांधकाम काढायचं. आणि वर गेल्यावर मला हाक मारली तर तुला ऐकू येणार का?"

"मला आधी सांगावंसं वाटलं नाही?"

अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, अपराधीपणाही नव्हता. थोडं आश्चर्य होतं.

"त्यात सांगायचं काय? तू कशाला नाही म्हणणार आहेस, असं वाटलं. तू आजवर कशाला नाही म्हटलंयस?"

मी स्वयंपाकघरात गेले आणि कुकर लावला. चौघांचा स्वयंपाक केला. सगळे जेवले. रेवती म्हणाली, आमटी छान झालीय.

काम सुरू व्हायच्या आत मी घर सोडलं. शकीलाच्या मावशीची मिरजेत लॅबच्या मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर एक खोली होती. मोरी आतच होती आणि जिना बाहेरून. मी ती बघितली आणि हो म्हणाले. श्रीरंगला फोनवर सांगितलं, तेव्हा तो चिडला.

"एका खोलीसाठी? एका खोलीसाठी तू म्हाताऱ्या बापाला सोडून चाललीस?"

"तू येतोयस ना आता."

"लोक काय म्हणतील, याचा विचार केलास?"

केला होता. लोक जे म्हणायचे ते म्हणालेच. बावीस वर्षं बापाच्या घरात काढली, पोसून घेतलं, आणि सेवेची वेळ आल्यावर पाय काढला. हे मला आमच्या शेजारणीनंच बाजारात गाठून ऐकवलं. मी कोथिंबीर निवडत होते. निवडत राहिले.

टेम्पोत सामान चढवलं, त्या दिवशी अण्णा आतच होते. मी नमस्कार करायला गेले. ते म्हणाले, "गोळ्या कुठं ठेवल्यायस त्या श्रीरंगला दाखवून जा." श्रीरंग संध्याकाळी पोचणार होता. मी फोनवर त्याला सगळं सांगितलं, कुठली गोळी जेवणाआधी, कुठली नंतर.

घर तयार झाल्यावर सत्यनारायणाला बोलावणं आलं. मी गेले. नाही गेले असते, तर आणखी बोलणं झालं असतं. रेवतीनं हात धरून मला आत नेलं. माझ्या खोलीचं दार काढून तिथं कमान केली होती. सहा खुर्च्यांचं टेबल होतं आणि वर लोंबता दिवा. माझा पलंग असायचा त्या भिंतीवर राखाडी-हिरवी पानं देठांसकट वरपर्यंत गेली होती. खिडकीतून ऊन आलं होतं. फार सुंदर दिसत होतं ते. मी बरोबर निवडला होता.

"आमच्या ताईंची निवड," रेवती पाहुण्यांना सांगत होती, आणि त्या बायका माझ्याकडं बघून माना हलवत होत्या.

मी भिंतीवर हात ठेवला. पावसाळा नुकताच सरला होता. भिंत कोरडी होती, खडखडीत.

"ओल?" मी विचारलं.

"तुम्ही सांगितलंत ते बरं झालं, ताई. न्हाणीघर आतून फोडून घेतलं, नळ बदलले, काहीतरी औषध मारलं. दोन-चार दिवसांचं तर काम होतं. नाहीतर एवढा महागाचा कागद वाया गेला असता."

दर पावसाळ्यात मी अण्णांना त्या भिंतीचं सांगत आले होते. दर पावसाळ्यात ते म्हणायचे, सगळं न्हाणीघर फोडावं लागेल, त्याला इलाज नाही, तू पलंग सरकव. पाटबंधारे खात्यात त्यांचा जन्म पाण्याच्या गळतीमागं गेला होता. मी प्रसाद घेतला आणि पाच वाजायच्या आत बस पकडली.

अण्णा माझ्या खोलीवर एकदाच आले. उन्हाळा होता, दुपारची वेळ. लॅबला सुटी होती. जिन्यावर काठीचा आवाज आला म्हणून दार उघडलं, तर ते अर्ध्यात कठड्याला धरून उभे होते. खांद्याला शबनम पिशवी होती. रिक्षा करून एकटेच आले होते.

मी हात दिला, वर घेतलं, माठातलं पाणी दिलं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली.

"हवेशीर आहे."

"हो."

"श्रीरंगला सांगितलं नाही मी. नको म्हणाला असता."

मुगाची खिचडी टाकली, ताक केलं, पापड भाजला. ते माझ्या पलंगावर बसून जेवले, ताट मांडीवर घेऊन. खूप दिवसांनी कुणी खातंय असं खात होते. मग म्हणाले, "तिथं टेबलावर सगळे आपापल्या वेळेला जेवतात. माझं ताट झाकून ठेवतात. खुर्च्या सहा आहेत."

मी ताट उचललं. ते कलंडले आणि झोपले. मी खाली चटईवर बसून होते. झोपेत त्यांचं तोंड उघडं पडलं होतं. हात आखडून छातीशी घेतले होते, म्हणून मी चादर घातली. पिशवी खुंटीला अडकवायला उचलली तर जड लागली. आत दोन धोतरं, दाढीचं सामान आणि गोळ्यांचा डबा होता.

ते उठले तेव्हा मी चहा पुढं केला.

"वैजू, मी राहू का इथं? थोडे दिवस. तुला त्रास नाही द्यायचा."

कपबशी त्यांच्या हातात तशीच होती. मी ती त्यांच्याकडून घेतली आणि खाली ठेवली.

"नाही, अण्णा," मी म्हणाले.

त्यांना नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. ते माझ्याकडं बघत राहिले. मग मान हलवली आणि काठी शोधायला लागले. काठी दारापाशी होती. मीच दिली.

रिक्षा आणली आणि त्यांना घेऊन सांगलीला निघाले. वाटेत त्यांनी एकदाच तोंड उघडलं. "आधी तू अशी नव्हतीस."

"नव्हते," मी म्हणाले.

फाटकापाशी उतरवलं. पिशवी त्यांच्या खांद्याला अडकवली, सोगा नीट केला. आत दिवे लागलेले होते. रेवतीनं खिडकीतून पाहिलं आणि "अगंबाई, ताई, या ना आत," असं म्हणत ती दाराकडं यायला निघाली. अण्णा एक-एक पायरी चढत होते. ते दारात पोचेपर्यंत मी थांबले. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. नंतर दोन वर्षांनी ते गेले, झोपेतच. तोवर आम्ही कितीदा तरी भेटलो, बोललो, पण त्या दुपारचा विषय कुणी काढला नाही.

मी रिक्षात येऊन बसले.

"आता कुठं, ताई?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"घरी," मी म्हणाले.

तो तसाच थांबून राहिला. त्यानं त्या दिवे लागलेल्या घराकडं पाहिलं, मग आरशातून माझ्याकडं पाहिलं. मी त्याला मिरजेतल्या गल्लीचं नाव सांगितलं.